साठीनंतरचा व्यायाम: उन्हाळ्याचा अपडेट (खुर्ची, सॅक आणि तोल)

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला तरी पारा उतरायचं नाव घेत नाही, पण रूटीन चालू आहे म्हणून अपडेट टाकून राहिली. नवीन मंडळींसाठी थोडक्यात, वय ६३, रिटायर्ड, बीपीची गोळी चालू, गुडघे ठीक, नागपूरच्या फुटाळा तलावावरचा वॉक कित्येक वर्षांपासून.

तर आधी खुर्चीची टेस्ट. हात छातीवर क्रॉस करून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता येते ते मोजायचं. ६० ते ६४ वयात बायकांचे १२ पेक्षा कमी आणि पुरुषांचे १४ पेक्षा कमी आले तर सरासरीच्या खाली. दिवाळीच्या सुमारास माझे ११ यायचे, आणि ते रोज फुटाळ्याला चक्कर मारूनही! या आठवड्यात १५ आले आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की आमच्या ह्यांना पण खुर्चीवर बसवून टेस्ट घेतली.

म्हणून जे नुसतं चालतात त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते, चालणं सोडू नका पण तेवढ्यावर भागत नाही. वय वाढलं की स्नायूंमधले झटकन जोर लावणारे तंतू जास्त बारीक होतात, ठेच लागली की तोल सावरायला नेमके तेच लागतात, आणि रमतगमत चालताना त्यांना कामच पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकदीचा व्यायाम ३ किंवा जास्त दिवस वेगळा सांगितला आहे. आणि उशीर झाला असं कोणी म्हणू नका, १९९० च्या बोस्टनच्या अभ्यासात नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं तर त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली.

मी काय करते तर शाळेची जुनी सॅक, त्यात तांदळाचं ५ किलोचं पाकीट, ती पोटाशी धरायची. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पाय गुडघ्यांच्या जरासे मागे, छाती पुढे झुकवून टाचांवर जोर देऊन उठायचं आणि बसताना मनात चार मोजत अगदी हळू खाली यायचं, धपकन बसायचं नाही. खरी मेहनत त्या खाली येण्यातच आहे, मांड्या थरथरतात तेव्हा समजायचं काम होऊन राहिलं. उठताना श्वास सोडायचा, बीपीवाल्यांनी तर श्वास अजिबात रोखू नये. एक दिवस आड करते, मधल्या दिवशी स्नायूंना आराम.

तोलासाठी गॅलरीतल्या फरशीची रेघ, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायचं, कठड्याला हात पुरेल इतक्या अंतरावर. डावा पाय अजून कच्चा आहे.

उन्हाचं म्हणाल तर वॉक उजाडताच, सात वाजता घरात, ताकदीचं सगळं कूलरसमोर. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, किती पाणी गेलं ते कळतच नाही, आणि या वयात तहानही कमी लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता मी निघायच्या आधी पाणी आणि आल्यावर मीठ घातलेलं ताक घेते (बीपीमुळे मीठ चिमूटभरच).

खाण्यात एकच बदल, प्रोटीन. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम तरी असावं म्हणतात, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोड आलेली मोट (मटकी), घट्ट वरण, अंडी, दही असं जमवते. रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ करून आलं की तर्री-पोहे मात्र ठरलेले, ते मी बंद करणार नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत डावा पाय पक्का करायचा आहे, शेवाळलेल्या रस्त्यावर तोच दगा देतो. पुढे पायाला बांधायची वजनं घ्यायचा विचार आहे, १ किलोची की अर्ध्या किलोपासून सुरू करू? वापरलेल्यांनी सांगा, आणि धरमपेठ-सीताबर्डीकडे कुठे चांगली मिळतात तेही.