मावशींना कसलंच टेन्शन नव्हतं

बीपी 210/110, नाडी 128, अंगाला दरदरून घाम. आणि 62 वर्षांच्या मावशी एकदम निवांत.

"डावा हात उचला."

"उचललाय की."

हात चादरीवर तसाच पडलेला. स्ट्रोक झोपेतच आलेला, नेमका कधी ते कुणालाच सांगता येईना, त्यामुळे साडेचार तासांत द्यायचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बाद.

इसीजीत टी-लाटा खोल उलट्या, क्यूटी लांबलेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही वाढलेलं. आमच्या कार्डिओलॉजिस्टनं फोनवरच सांगून टाकलं, "अटॅक आहे, हेपरिन सुरू कर." हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. इसीजी हातात आला की पेशंटला मानेच्या वरही काही असतं हे हृदयवाले विसरतात. मी सीटी पुन्हा उघडला. रिपोर्टमध्ये 'रक्तस्राव नाही' एवढंच. पण उजव्या इन्सुलाची, म्हणजे मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेल्या भागाची, करडी कड पुसली गेली होती. सीटीच्या करड्या छटांची खिडकी अरुंद केल्याशिवाय, दोन्ही बाजू ताडून पाहिल्याशिवाय ते सहज दिसत नाही. यासाठी मी रेसिडेंटांना पिडतो. रक्त न मिळाल्यानं मेलेल्या एवढ्या ताज्या भागावर (इन्फार्क्टवर) हेपरिन म्हणजे मेंदूत रक्तस्रावाची जोखीम. दिलं नाही.

1992 साली कॅनडातल्या लंडनमध्ये ओपनहायमर आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी पाच रुग्णांच्या इन्सुलाला विजेनं चेतवलं. उजवीकडे चेतवलं की नाडी आणि दाब चढण्याकडे कल, डावीकडे उतरण्याकडे. रेसिडेंटनं विचारलं, "मग उजवा भाग मेल्यावर नाडी उतरायला हवी ना, सर?" प्रश्न बिनतोड. मरता मरता तो भाग चेततो, की त्याचा इतर केंद्रांवरचा लगाम सुटतो, यावर वाद आहेत. पुढचं मात्र बरंचसं मान्य आहे: हृदयात शिरलेल्या नसांची टोकं नॉरअ‍ॅड्रेनालिन थेट स्नायूत ओततात आणि पेशी होरपळतात, रक्तवाहिनी मोकळी असली तरी.

इकोत तेच दिसलं: हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगलेलं, तळ मात्र जोरात आकसणारा. काही आठवड्यांनी टोक पूर्ववत हलू लागलं. कार्डिओलॉजिस्ट "हं" म्हणाला, त्याच्याकडून तेवढंही पुष्कळ.

नातेवाइकांना यातलं काही नको होतं. शेताची मोजणी, भावकीतलं भांडण, मग सुनेकडे बोट: "हिनंच टेन्शन दिलं." सून कोपऱ्यात रडत होती. मी तिच्यासमोरच मुलाला सीटी दाखवला, गुठळी समजावली. त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन भावाला पुन्हा सुनेच्या टेन्शनचंच सांगितलं.

मावशींना मी विचारलं होतं, भीती वाटते का? "कशाची?" नॉरअ‍ॅड्रेनालिननं शरीर पेटलेलं असताना भीती खरंच नव्हती, की छातीतली धडधड जाणवून देणारा इन्सुलाचा भागच गेल्यामुळे ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही? त्यांना विचारून हे कळणार नाही. ज्या हाताची त्यांना खबर नव्हती, त्याबद्दलही त्या इतक्याच खात्रीनं बोलत होत्या.