फायरवॉलला नावं शिकवताना: ६१ नियमांवरून २४ वर

घरच्या नेटवर्कवर कोणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणारा ओपीएनसेन्स नावाचा फायरवॉल माझ्याकडे एका डब्यावर चालतो. त्याचे नियम शनिवारी मोजले. ६१ भरले. त्यातले निम्मे कशासाठी घातले होते, ते माझं मलाच आठवेना.

या कामाला हात घालायचं कारण तसं लाजिरवाणं आहे. १९२.१६८.३०.१४ वरून १९२.१६८.२०.१० ला, पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचा), परवानगी, असा एक नियम होता. जुना कॅमेरा क्लिपा नासवर (घरच्या नेटवर्कवरच्या फाइल साठवणाऱ्या यंत्रावर) टाकायचा, त्याच्यासाठी घातलेला. कॅमेरा कधीच भंगारात गेला, नियम मात्र राहिला. पुढे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने तोच १४ नंबर नव्या टीव्ही बॉक्सला दिला आणि त्या बॉक्सच्या मेनूत एके दिवशी माझ्या नासचे फोल्डर दिसायला लागले. फायरवॉलची काही चूक नव्हती. त्याला १४ माहीत होता, कॅमेरा कुठे माहीत होता?

म्हणून सगळ्यांना एलियस, म्हणजे पत्त्यांच्या किंवा पोर्टांच्या यादीला दिलेलं नाव, द्यायला बसले. पहिला प्रयत्न फसला, कारण नावं वस्तूंची दिली: कॅमेरा_१, टीव्ही_बॉक्स, जुना_लॅपटॉप. नियम वाचता आले, पण संख्या तेवढीच राहिली. दुसऱ्या खेपेला नावं कामावरून दिली. आता 'नासवर_लिहिणारे' या एलियसमध्ये बॅकअप घेणारा लॅपटॉप आणि दोन कॅमेरे आहेत. नियम एकच: नासवर_लिहिणारे ते नास, पोर्ट_फाइल. (डब्यात ही नावं रोमन लिपीतच आहेत. अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, हायफन टाकलात की अडतं.) नवं यंत्र आलं की यादीत एक ओळ वाढते, नियमाला हात लागत नाही. आणि वापरात असलेला एलियस डबा पुसू देत नाही, हे फार बरं आहे.

पण नाव शेवटी पत्त्यालाच चिकटलेलं असतं. डीएचसीपीत पत्ता राखून ठेवला नाही, तर १४ चा घोळ नाव देऊनही पुन्हा होणार. मी आधी आरक्षणं केली, मग एलियस.

पाहुण्यांच्या व्हीलॅनसाठी (त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कसाठी) खासगी पत्त्यांचा 'खासगी_सगळे' हा एलियस केला: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. त्याला अडवा, बाकी सगळं जाऊ दे. दोनच नियम, मी खूश. पाच मिनिटांत तक्रार आली की नेट बंद. फायरवॉलचा पाहुण्यांच्या बाजूचा पत्ताही याच यादीत बसतो, त्यामुळे नावावरून पत्ता शोधणारं डीएनएसच अडलं होतं. त्याच्या पोर्ट ५३ ची परवानगी त्या दोन नियमांच्या वर टाकली आणि गाडी सुरू झाली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीने. एक कॅमेरा यादीतून काढला, बदल लागू केला, तरी त्याची क्लिप नासवर चढतच राहिली. अर्धा तास एलियस तपासत बसले. पीएफ (डब्यातला पॅकेट गाळणारा भाग) आधी चालू जोडण्यांची स्टेट टेबल बघतो, नियमांकडे नंतर वळतो. जुनी जोडणी जिवंत असेपर्यंत नवा नियम तिच्या वाटेला जातच नाही. त्या पत्त्याची स्टेट, म्हणजे टेबलमधली नोंद, मारली आणि क्लिप जागीच थांबली.

एलियसमध्ये डोमेनचं नाव घालणं मोहात पाडतं, पण बेतानेच घालावं. फायरवॉल त्या नावाचा पत्ता ठरावीक वेळाने, माझ्याकडे दर ३०० सेकंदांनी, स्वतः शोधतो. सीडीएनवरची (अनेक ठिकाणच्या सर्व्हरांवरून मिळणारी) सेवा असेल तर लॅपटॉपला त्याच वेळी भलताच पत्ता मिळालेला असू शकतो. मग कधी चालतं, कधी नाही, आणि असला दोष शोधणं म्हणजे डोकेदुखी. डीडीएनएसवरच्या (पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणाऱ्या सेवेवरच्या) माझ्या एकुलत्या एका यंत्रासाठी ठीक आहे.

व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) एनएफटेबल्स हा लिनक्सचा फायरवॉल आहे. तिथे आधी सगळं 'डिफाइन'ने, म्हणजे फाइलीतच पत्त्यांना नाव देऊन, केलं होतं. पण ते फाइल लोड होतानाच मजकुरात बसतं, नंतर बदलता येत नाही. मग नाव दिलेला सेट (पत्त्यांचा संच) केला, आता चालू नियमांना धक्का न लावता पत्ता घालता-काढता येतो.

आजचा आकडा २४. अडकलंय ते आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर. 'खासगी_सगळे'मध्ये तिथले खासगी पत्ते, एफसी००::/७, घातले, पण घरातल्या यंत्रांना जागतिक पत्तेही मिळतात आणि सेवादात्याने प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की हाताने लिहिलेली यादी शिळी होते. तूर्त पाहुण्यांच्या व्हीलॅनवर व्ही६ बंद ठेवलंय. पुढच्या शनिवारी तिथे हाताच्या यादीऐवजी डब्यातलीच 'लॅन नेट' वगैरे तयार नावं लावून बघणार आहे.