न्यूफाउंडलंडचा कॉड आणि मोजणीबाहेर राहिलेले मच्छीमार

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकमधील न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स या शहरात, समुद्र आणि त्यावर पोट असलेली माणसे यांच्याविषयी संशोधन करणाऱ्या एका गटात मी सध्या काम करते. घरी फोन केला की तिकडे मासळी मिळते का, हा प्रश्न ठरलेला असतो. मिळते, पण ज्या कॉड नावाच्या माशावर हे बेट सुमारे पाच शतके जगले, त्याच्याविषयी इथली वयस्क माणसे जपूनच बोलतात.

२ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी, जे स्वतः याच बेटावरचे होते, नॉर्दर्न कॉडच्या, म्हणजे या बेटाजवळच्या समुद्रातील कॉडच्या साठ्याच्या, व्यावसायिक मासेमारीवर दोन वर्षांची बंदी जाहीर केली आणि सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. किरकोळ सवलती वगळता ती बंदी २०२४ पर्यंत टिकली.

या ऱ्हासाची कारणे जुनी होती. १९६८ मध्ये प्रामुख्याने युरोपीय ट्रॉलरांनी (जाळे ओढत नेणाऱ्या मोठ्या नौकांनी) मिळून येथून ८ लाख टनांहून अधिक कॉड उपसला होता. १९७७ मध्ये कॅनडाने आपली हद्द २०० सागरी मैलांपर्यंत वाढवून बहुतेक परक्यांना बाहेर काढले खरे, परंतु त्यांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली. सरकारी शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बांधताना सर्वेक्षण नौकांच्या नोंदींबरोबरच या ट्रॉलरांच्या पकडीचाही आधार घेत, आणि घोळ तिथेच झाला. कॉडची संख्या घटली तरी उरलेले मासे दाट थव्यांनी एकत्र राहतात; ध्वनिलहरींच्या यंत्राने ते थवे हुडकणाऱ्या ट्रॉलरला तासाला पूर्वीइतकीच मासळी मिळत राहते, त्यामुळे समुद्र रिकामा होत असतानाही कागदावर साठा भरलेला दिसतो.

किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक मात्र मासा लहान आणि विरळ होत चालल्याचे १९८० च्या दशकात सांगत होते. त्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये स्वतंत्र शास्त्रीय परीक्षण करवून घेऊन सरकारी आकड्यांवर आक्षेपही नोंदवला. पुढे १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी आपले अंदाज बरेच खाली आणले, तरी त्यांनी सुचवलेली कपात रोजगाराच्या चिंतेने पूर्ण अमलात आली नाही.

येथील मेमोरियल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ बार्बरा नीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर मच्छीमारांच्या मुलाखती पद्धतशीरपणे घेतल्या, तेव्हा तेवढीच मासळी आणण्यासाठी होड्या मोठ्या होत गेल्या, जाळी वाढली आणि लांब जावे लागले, हे स्पष्ट झाले. एकूण पकडीच्या आकड्यात हे वाढते कष्ट दिसत नाहीत. अर्थात मच्छीमार म्हणतो ते सारे प्रमाण, असे मी मानत नाही. त्याला आपली खाडी ठाऊक असते. एखाद्या वर्षी पाणी थंड असल्याने मासा काठाला आला नाही की साठाच घटला, हे एकट्या खाडीवरून ठरत नाही, आणि त्याच्या सांगण्यात त्याचा स्वतःचा हितसंबंधही मिसळलेला असतो. तरीही ते ऐकून पडताळायला हवे होते.

बंदीनंतर प्रक्रिया कारखाने बंद पडले आणि तरुण मंडळी मोठ्या संख्येने प्रांत सोडून गेली. खेकडा आणि कोळंबीने प्रांताला पैसा पुन्हा मिळवून दिला, पण परवाने थोड्यांकडेच असल्याने अनेक गावे त्यातून वगळली गेली. घरच्यापुरता कॉड धरण्यास उन्हाळ्यात ठरावीक दिवशी परवानगी असते: माणशी दिवसाला ५ मासे, होडीमागे जास्तीत जास्त १५. शेजाऱ्यांकडून त्यातला वाटा आमच्याकडेही येतो.

कोकणात पर्ससीन जाळी (थव्याला घेरून पकडणारी मोठी जाळी) आणि मासे आकर्षित करणाऱ्या एलईडी दिव्यांवरून पारंपरिक मच्छीमार व यांत्रिक नौकावाले यांच्यात चाललेल्या वादाच्या बातम्या मी इथे वाचते, तेव्हा या बेटाचा १९८० च्या दशकातला काळ मला परका वाटत नाही. आपल्याकडची मासळी वेगळी, पाणी उबदार आणि जाती अनेक असल्याने इथला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. परंतु कोणाच्या नोंदी मोजणीत धरायच्या, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने बंदी उठवून पकडीवर १८ हजार टनांची मर्यादा ठरवली. त्याआधी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी जुन्या काळातील नोंदी समाविष्ट करणारी नवी गणनपद्धत स्वीकारली होती आणि तिच्यामुळे साठा 'गंभीर' पातळीतून 'सावध' पातळीत गणला जाऊ लागला. समुद्रातला मासा त्यासाठी अचानक वाढलेला नव्हता. किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांच्या संघटनेने या निर्णयाला विरोध केला, कारण मोठ्या ट्रॉलरांना, परदेशी नौकांसह, पुन्हा वाटा मिळणार होता. त्या वाट्यावरची भांडणे अजून मिटलेली नाहीत.