पूर्णेच्या दरडीत राख शोधताना

अकोल्याहून अकोट रोडनं निघालो तेव्हा सकाळचे सातच वाजले होते तरी ऊन चटके द्यायला लागलं होतं, एप्रिल आहे म्हणा. गांधीग्रामच्या पुलानंतर मेन रोड सोडला आणि मामेभावाची गाडी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांमधून थेट पूर्णेच्या काठाला. पाणी घोटाभर, दरडी मात्र उंचच उंच.

पहिल्याच दरडीत पांढरा थर दिसला आणि मी उड्याच मारल्या. मग डब्यातलं लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे. चुनखडी! या खारपाणपट्ट्यात ती पोत्यानं मिळते, सगळा उत्साह गेला.

बकऱ्या चारणारे एक काका कधीचे पाहत होते.

"काय शोधून राह्यले भाऊ?"

"राख, काका."

"राख? कोनाची?"

भाऊ हसून लोळायचा बाकी होता. मी सांगितलं, सुमात्राची. तिथला टोबा ज्वालामुखी साधारण 74,000 वर्षांपूर्वी असा फुटला की राख तीन हजार किलोमीटरवर इथपर्यंत आली, नर्मदेच्या आणि सोनच्या खोऱ्यात, आंध्रातल्या ज्वालापुरमला, पार आफ्रिकेतल्या मलावी तलावाच्या गाळातही तीच सापडली. राखेत बारीक काचेचे कण असतात, त्या काचेची केमिस्ट्री जुळली की झालं, हजारो किलोमीटर लांबचे गाळ एकाच काळाच्या रेघेवर येतात, मग रेघेखाली पाऊसपाणी, झाडझाडोरा कसा होता आन् वर कसा, हे ताडून बघता येतं.

काका म्हणाले, "मंग तसा पांढरा भुगा तिकडच्या वळणावर हाय, आमची माय भांडे घासे त्यानं."

गेलो. कमरेएवढ्या उंचीवर फिकट राखाडी पट्टा, हातभर जाड. लिंबू पिळलं, काहीच नाही. बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ पण दाताखाली कचकच (हो, चावून पाहिलं). हातभर म्हणजे आभाळातून हातभर पडली असं नाही हं, पडली ती थोडीच, पुढं पावसानं आजूबाजूची वाहून आणून खोलगट जागी साठवली. म्हणून नुसत्या जाडीवरून स्फोट केवढा ते ठरवायला गेलं की फसलात. आणि ही टोबाचीच का, ते लॅबशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

चिमूटभर कागदावर घेऊन मोबाइलला लावायची छोटी मायक्रोस्कोप क्लिप लावली. पारदर्शक, वाकडे, धारदार तुकडे, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या फुटक्या भिंती. काकांनी फोन डोळ्यापाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"हे तं फुटलेल्या बांगडीवानी दिसते बावा."