तुम्ही विचारलंत म्हणून: नानांना मारणाऱ्याला सोडा, असं मी का म्हणते

परवा हळदीकुंकवाला पुन्हा तोच प्रश्न आला. "तुमच्या सख्ख्या चुलत्याचा खून झालाय, आणि तुम्हीच म्हणता म्हाताऱ्या जन्मठेपवाल्यांना घरी सोडा. असं कसं?" विचारणारीला खरंच समजून घ्यायचं होतं. वाण हातात धरून दारात उभ्याने ते सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

नाना गेले 1998 च्या उन्हाळ्यात. आमचं रान निफाड तालुक्यात, पालखेडच्या कालव्यावर. आवर्तन सुटलेलं, खरड छाटणी झालेली द्राक्षाची बाग पाण्याला आलेली, आणि आमची पाळी रात्री दोनची. भावकीतल्याच एकाने त्याआधीच चारी फोडून पाणी आपल्याकडे वळवलं होतं. शब्दाने शब्द वाढला. त्याने फावड्याचे तीन घाव घातले. नाना 44 वर्षांचे होते, काकू 38 ची, धाकटा पाचवीत. नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तेव्हा तो 47 चा होता.

पुढे माझं लग्न झालं आणि मी राहायला आले ती जेल रोडला, नाशिकरोडच्या तुरुंगाशेजारी. बिटको चौकातून रिक्षावाले "जेलरोड, जेलरोड" ओरडतात, तेच माझं गाव झालं. कित्येक वर्षं ती उंच भिंत बघून मला बरं वाटायचं. तो आत आहे, एवढं पुरे होतं. गेली काही वर्षं तिथले कैदी गणपतीच्या मूर्ती करतात, त्या विकायलाही असतात. शेजारणी आणतात. मी आणली नाही. कोणाच्या हातची असेल, हा विचार सुटत नव्हता.

लोकांना वाटतं जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. तसं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ गोडसेच्या खटल्यातच स्पष्ट केलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येत नाही, ही तरतूद 1978 ची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम 475 म्हणून आली आहे. म्हणजे 14 हा उंबरठा आहे, दार उघडायचं की नाही ते सरकार ठरवतं. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे गट केलेत आणि प्रत्येक गटाची वर्षं वेगळी. मधल्या काळात संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. संचित म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी, आणि अभिवचन म्हणजे घरात मरण, आजारपण, लग्न असं काही असेल तर. दोन्ही संपल्या की आपल्या पायाने परत जायचं.

माझं मन बदललं ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तुरुंग शिपायामुळे. नोकरीत त्यांनी चार-पाच तुरुंग पाहिले. ते सांगतात, म्हाताऱ्या कैद्याला आत ठेवणं म्हणजे भिंतीआड एक दवाखाना चालवणं. गुडघे गेलेत, तर संडासाला नेणारं माणूस हवं, आणि ते काम बराकीतली तरणी पोरं करतात. बाहेरच्या डॉक्टरला दाखवायचं तर पोलीस गार्ड मिळायला हवा. गार्ड बंदोबस्तात अडकला की तारीख पुढे. भरती करावं लागलं तर खाटेशेजारी दिवसरात्र पहारा. एका पाळीला दोन माणसं धरली तरी तीन पाळ्यांची सहा माणसं, आणि ती कोणासाठी, तर ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्यासाठी. हात चालत नाहीत म्हणून काम नाही, काम नाही म्हणून मजुरी नाही. माफीचे दिवसही काम आणि वर्तणूक बघूनच मिळतात. म्हणजे जो जितका थकला, त्याचं बाहेर येणं तितकं लांबलं. हे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही.

आपल्याकडे या म्हाताऱ्यांची धड मोजणीसुद्धा होत नाही. दरवर्षीच्या सरकारी तुरुंग आकडेवारीत वयाचा शेवटचा रकाना '50 आणि त्यापुढे' असा आहे. 51 चा आणि 81 चा एकाच ओळीत. त्याच आकडेवारीत 2022 अखेर देशभरच्या तुरुंगांत जागा 4,36,266 आणि माणसं 5,73,220 होती. शिक्षा झालेल्यांत निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात, 2022-23 मध्ये, निम्मी शिक्षा भोगलेल्या साठीपुढच्या पुरुषांना सोडण्याची योजना आली, त्यातून जन्मठेपवाले वगळले. मग आत म्हातारे होणार कोण? अमेरिकेत एका नागरी हक्क संघटनेने 2012 मध्ये हिशेब मांडला होता. तिथे तेव्हा साधारण कैद्यावर वर्षाला 34,135 डॉलर खर्च होत होता, तर म्हाताऱ्या कैद्यावर 68,270. बरोबर दुप्पट.

पण पैसे वाचतील म्हणून सोडा, असं मी म्हणत नाही. तो खर्च कुठे जात नाही. तुरुंगाच्या वहीतून उठून तो कोणाच्या तरी सुनेच्या अंगावर पडतो. कोविडच्या तातडीच्या रजेवर नानांना मारणारा बाहेर आला तेव्हा मुलांनी त्याला घरात घेतलं नाही. सिन्नरला लेकीकडे राहिला. जावई कंपनीत रोजंदारीवर, खोली एक, त्यात बापाचं पथ्य आणि औषधं. त्या लेकीचा काय गुन्हा? 1998 मध्ये ती शाळेत होती. 2022 मध्ये सरकारने परत बोलावलं तेव्हा तो काठी टेकत वेळेवर हजर झाला. दोन वर्षं त्याचा कोणाला त्रास झाला नाही. सत्तरीतला, पळून न जाणारा माणूस परत आत घेऊन आपण कोणाचं रक्षण करतो, याचं उत्तर मला सापडत नाही. सोडायचं असेल तर अशा लेकीला हाताशी काहीतरी द्या, ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी राहायची जागा करा. नाहीतर आपण फक्त ओझं ढकललं.

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना विचारा. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणात 15 ऑगस्ट 2022 ला गुजरात सरकारने अकरा जणांना सोडलं. आपल्या सुरक्षिततेची आधी कोणी चौकशीही केली नाही, असं बिल्किस यांनी तेव्हा म्हटलं. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे हा अधिकार महाराष्ट्राचा होता. ती बातमी ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगते. सगळे म्हातारे, सगळे खून मी एका मापाने मोजत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी हवालदार काकूचा जबाब घ्यायला आले. मी तिथेच होते. काकूने चहा ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सुटू द्या त्याला. माझं रडून झालं. पण आमच्या बांधावर नको. मला तिथून रोज जावं लागतं."

हवालदार म्हणाले, "काकू, अशी ओळ नमुन्यात नाही. हरकत आहे का नाही, एवढंच सांगा."

"मग खाली लिहा. मी सही त्याच्याखाली करीन."

त्यांनी लिहिलं. कायद्यातही शर्त घालून सोडायची सोय आहेच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये असंही सांगितलं की राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याच्या अर्जाची वाट बघू नका, सरकारने स्वतःहून विचार करावा. कागद पुढे गेलाय, निर्णय अजून आलेला नाही.

काकू दर रविवारी फोन करते. बागेचं, नातवाचं बोलून झालं की विचारते, "आला का गं बाहेर? तू तर भिंतीलाच राहतेस."