तिसऱ्या नंबरचा प्लग

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनातले चारही स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे, काढले की मी ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडतो आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने सिलिंडरचा आकडा लिहितो. एकदा आळस करून चारही एकाच डब्यात टाकले होते. मग कोणता कुठला, हे काही केल्या सांगता येईना. सिलिंडरच्या आत राहून आलेला हा साक्षीदार. त्याची जबानी घ्यायची तर तो कुठल्या खोलीतून आलाय, हे तरी ठाऊक हवं.

पहिला, दुसरा आणि चौथा बिस्किटी रंगाचे, म्हणजे तिथे सगळं क्षेम. तिसरा मात्र काळा, आणि तोही ओला काळा. बोटाने पुसली की निघते ती कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एवढंच निदान. हा तेलकट होता. पिस्टनच्या रिंगांमधून नाहीतर व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून, म्हणजे व्हॉल्व्ह गाइडमधून, ऑइल आत झिरपतंय. गाडी सत्तरीची आहे, कुठेतरी झिरपणारच. (काटेकोर ब्रिटिश हिशेबाने विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. माझी त्यात बसत नाही. पण बघणारे विंटेजच म्हणतात आणि मी दुरुस्ती सुचवत नाही.)

गाडीबरोबरच्या पुस्तकात प्लगचा नंबर छापलेला आहे. आमच्या मंडळींत त्याला वेदवाक्याचा मान. अडचण एवढीच की तो प्लग आता बनत नाही. मग जोड शोधणं आलं. आट्यांचा व्यास बघायचा, बहुतेकदा १४ मिमी, फार जुन्या इंजिनांत १८. मग आट्यांची लांबी, १२.७ किंवा १९ मिमी. इथे चूक परवडत नाही. आखूड आट्यांच्या हेडमध्ये (सिलिंडरवरचं झाकण, प्लग त्यातच बसतो) लांब प्लग घातला तर पिस्टन वर येऊन त्यावर आदळू शकतो. उलट केलं तर हेडच्या उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढे योग्य प्लग फिरवताना आटे जातात. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर मग बोंबलाच.

पण खरा घोळ असतो तो हीट रेंजचा, म्हणजे प्लगचं टोक किती तापलेलं राहतं त्याचा. प्लगच्या टोकाशी पांढरं चिनीमातीचं नाक असतं. नाक लांब असलं की त्यातली उष्णता धातूच्या अंगापर्यंत पोचायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड, की थंड प्लग. ठिणगी दोघांची सारखीच. गरम प्लग म्हणजे दणदणीत ठिणगी, हा गैरसमज माझ्याही डोक्यात बरीच वर्षं ठाण मांडून होता. टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. त्याखाली राहिलं तर साठत जाते. ९०० च्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न बघता ते टोकच मिश्रण पेटवायला लागतं, आणि प्रकरण पिस्टनला भोक पडण्यापर्यंत जातं.

त्यात आकड्यांची उलटी गंगा. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, चँपियन आणि बॉश कंपन्यांचा वाढला की गरम. मला जरा गरम प्लग हवे होते. मोठा आकडा म्हणजे जास्त गरम, असं धरून मी एनजीकेच्या ६ च्या जागी ७ घेऊन आलो आणि अर्थातच जास्त थंड घेऊन आलो. गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधूनच ठिणगी चुकवायला लागली. दोन आठवडे मी कार्ब्युरेटरला शिव्या दिल्या, तो खोलला, जेट फुंकले, पुन्हा बसवला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

इरिडियमचे प्लग घ्या, असं सांगणारे भेटतात. चांगलेच असतात ते, वर्षानुवर्षं टिकतात. पण मी दर दोन महिन्यांनी नुसतं बघायला म्हणून प्लग काढतो. मला टिकाऊपणा काय करायचाय? नाकापेक्षा मोती जड.

गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, मात्र मी स्वतः लावतो. पुस्तकात ०.०२५ इंच आहे, आणि पॉइंटवर (उघडझाप करणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या, ठिणगीची वीज देणाऱ्या जुन्या कॉइलला तेवढीच झेपते. खोक्यातून निघालेला प्लग तसाच बसवायचा नाही. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, ठरावीक जाडीची पाती आत घालायची, वरचा वाकडा दांडा लाकडावर हलकेच ठोकायचा, पुन्हा पाती. ती अडकता कामा नये, सैलही पडता कामा नये. सरकताना बोटांना किंचित घासल्यासारखं लागलं की झालं. मधल्या नाकाला रेटा द्यायचा नाही. केसाएवढी चीर गेली तरी ठिणगी तिथून पळवाट काढते.

शेवटी तिघांना पुस्तकाबरहुकूम जोडीचे प्लग दिले आणि तिसऱ्याला एक पायरी गरम. कट्टर मंडळी नाक मुरडतील. पुस्तक लिहिलं तेव्हा गाडी नवी होती, रिंगा घट्ट होत्या, आणि ती रोज पळत होती. आता ती रविवारी सकाळी तासभर फिरते. लांबच्या पल्ल्याला निघालो तर तिसऱ्यालाही पुस्तकातलाच बसवायचा, म्हणून तो डिकीत ठेवलाय, पाना त्याच्या शेजारी.

परवा तिसरा काढून पाहिला. कडेला अजून तेल आहे. नाक मात्र कोरडं होतं.