मिक्सर अडला? मोटरआधी जार तपासा

मिक्सर बंद पडला की पहिला संशय मोटरवर जातो. पण घरगुती मिक्सरची मोटर जळते तेव्हा बऱ्याचदा मूळ दुखणं जारचं असतं. जारचं काम स्वस्तात होतं, मोटरचं नाही. म्हणून तपासणी वरून खाली करत यायची.

प्लग काढा. रिकामा जार हातात घेऊन बुडाचा कपलर (मोटरची फिरकी पात्यापर्यंत पोचवणारी दातेरी चकती, तिची जोडीदार मोटरवर असते) बोटांनी फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. जड जात असेल तर बुशमध्ये, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते त्या नळीत, वाटणाचं पाणी शिरून दांडी धरलेली असते. आता पातं धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड हलत असेल तर बुश झिजला. जारखाली पाणी झिरपणं किंवा चटणीत काळपट तेलकट रेघ दिसणं ही त्याचीच खूण. असा जार त्याच दिवशी बाजूला ठेवा. वंगण पोटात जातं ते वेगळंच, पण गळणारं पाणी थेट मोटरच्या वरच्या बेअरिंगवर (मोटरची दांडी ज्यात फिरते त्या भागावर) पडतं आणि तिथून पुढचा खर्च सुरू होतो. बुश, दांडी आणि सील (पाणी अडवणारी चकती) एकदमच बदलून घ्या. नुसतं तेल सोडून जार मोकळा केला तर गळती तशीच राहते.

जार मोकळा फिरतोय? मग जार न लावता मिक्सर 1 नंबरवर दोन-तीन सेकंद चालवा, हात लांब ठेवून. मोटर छान फिरते, पण जार लावला की नुसता घुर्रर्र आवाज आणि पातं जागच्या जागी, म्हणजे कपलरचे दात गेले. हा भाग मुद्दाम मऊ केलेला असतो. पातं अडकलं तर दात झिजावेत आणि मोटर वाचावी हा हेतू. त्यामुळे ‘टिकाऊ’ म्हणून धातूचा कपलर बसवण्याच्या नादी लागू नका. जुना कपलर दुकानात सोबत न्या, कारण दातांची संख्या आणि आटे कंपनीगणिक बदलतात. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, बाकी गावात मिक्सर-कुकरचे सुटे भाग विकणारं दुकान. साधा कपलर सहसा शंभराच्या आत मिळतो.

तो काढताना लोक चुकीच्या दिशेला जोर लावून आटे घालवतात. मोटरवरचा कपलर मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला फिरवला की सुटतो. आटे तसेच पाडलेले असतात, म्हणजे चालताना तो घट्ट होत राहतो. मोटरची दांडी खालून स्क्रू-ड्रायव्हरनं धरून ठेवावी लागते, बहुतेक मिक्सरमध्ये तिच्या टोकाला त्यासाठी खाच असते.

मोटर मुळीच फिरत नसेल तर त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा. मग मिक्सरच्या बुडाचं लाल बटण बघा. लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. लगेच पुन्हा उडालं तर दाबत बसू नका, जारकडे परत या. मोटरीचा खरा घात इथेच होतो: बटण दाबायचं, जड जार तसाच चालवायचा, वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापत राहायचं.

थांबत-थांबत चालणं, झरोक्यातून मोठ्या ठिणग्या, वेग मंद होणं हे कार्बन ब्रशचं काम, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या दोन तुकड्यांचं. ब्रश संपत आले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. ते बदलायला मिक्सर उघडावा लागतो, बुडाचे स्क्रू बऱ्याच मॉडेलमध्ये रबरी पायांखाली लपलेले असतात. जोडी एकदमच बदला आणि नवा ब्रश होल्डरमध्ये न अडकता सरकतोय ना ते बघा. तांब्याचा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो पट्ट्यांचा गोल) काळा पडला असेल तर अगदी बारीक सॅंडपेपरनं हलकेच पुसा, पट्ट्यांमधली धूळ साध्या केसांच्या ब्रशनं झाडा. मग जार न लावता मिनिटभर 1 नंबरवर चालवा, ब्रश जागेवर बसतात. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतातच.

जळका वास, धूर आणि कम्युटेटरच्या पट्ट्या करपलेल्या, असं असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलं. वॉरंटी कार्ड शोधा. काही कंपन्या मोटरवर 5 वर्षं देतात आणि बाहेर उघडलेला मिक्सर मग घेत नाहीत, त्यामुळे वॉरंटीत असेल तर स्क्रूला हातच लावू नका. वॉरंटी संपली असेल तर रिवायंडिंगचा (तार नव्यानं गुंडाळून घेण्याचा) भाव आधी विचारा. नव्या मिक्सरच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी करणार नाही. जार शाबूत असतील तर त्याच कंपनीचा, तेच जार बसणारा मिक्सर घ्यावा, म्हणजे जुने जार जादाचे म्हणून वापरता येतात.

दुरुस्ती झाल्यावर जार अर्धा पाण्यानं भरून कोरड्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर सील पुन्हा बसवून घ्या, पैसे देण्याआधी.